दुसऱ्या रकान्यातले सतरा

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे. वाचून झालं की मनातल्या मनात कारणांची यादी करायची, ही माझी सवय — अपुरी झोप, औषधांचा परिणाम, आठवणीत झालेली सरमिसळ, शेजाऱ्यांचं मांजर. दोनतीन जणांना तशा प्रतिक्रियाही लिहून पाठवल्या आहेत. त्यातल्या एक बाई माझ्यावर चांगल्याच चिडल्या होत्या. त्यांची आज माफी मागते. त्यांचा अनुभव आता पटला म्हणून नाही... माझ्या स्वतःच्या अनुभवाखाली मी तशीच यादी केली आणि ती एकेक करत सगळी खोडावी लागली, म्हणून.

आधीच सांगून ठेवते, यात सावल्या, पावलं, आवाज असलं काही नाही. जे घडलं ते भरदुपारी, ऑफिसात, एका एक्सेल शीटमध्ये घडलं. वाचून कुणाला भीती वाटणार नाही. मी जे केलं त्याबद्दल राग मात्र येईल, आणि तो यायलाच हवा.

माझं वय बावन्न. लग्नानंतर पुण्याहून दिल्लीला आले, घर आर. के. पुरममध्ये. दक्षिण दिल्लीतल्या एका संशोधन संस्थेत बावीस वर्षं नोकरी करते. संस्थेचं नाव लिहीत नाही, माणसांची नावंही बदलली आहेत. मी शास्त्रज्ञ नाही. शास्त्रज्ञांच्या याद्या सांभाळते. कुठली फाइल कधी आली, कुणी तपासली, काय राहिलं — हे आमच्या गटात फक्त मला माहीत असतं, आणि याचा मला अभिमान होता.

काम काय, ते थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. अवकाशातल्या एक्स-रे दुर्बिणीने आकाशाकडे बघितलं, तर जिथे काहीच नाही असं वाटतं तिथेही एक मंद उजेड असतो. सगळ्या बाजूंनी, जवळजवळ सारखा. तो येतो कुठून, हा आमच्या गटाचा प्रश्न. उत्तर बरंचसं माहीत आहे. फार दूरच्या दीर्घिकांच्या मधोमध कृष्णविवरं असतात, त्यांत पडणारा वायू तापतो आणि चमकतो. असे असंख्य बारीक दिवे. रात्रीच्या गाडीने दिल्लीकडे येताना लांबून एकही दिवा वेगळा दिसत नाही, नुसतं आभाळ उजळलेलं दिसतं ना, तसं. पण "बरंचसं" म्हणजे "सगळं" नाही. उरलेला हिशोब लागायचा तर सगळ्यांत मंद दिवे एकेक करून ओळखावे लागतात.

आणि सगळ्यांत मंद दिवा म्हणजे किती? दुर्बीण कित्येक दिवस एकाच जागेकडे टक लावून बसते आणि तिथे चार ठिपके पडतात. फार तर पाच. आता ठिपके तसे कुठेही पडतातच. ओट्यावर मूठभर तांदूळ सांडले तर चार दाणे कुठेतरी जवळजवळ पडणारच. मग हे चार ठिपके खऱ्या दिव्याचे, की उगाच शेजारी पडलेले? कॉम्प्युटर संशयित जागांची यादी देतो. पुढचं माणसाच्या डोळ्यांनी ठरवायचं.

त्याचा आमच्याकडे एक नियम होता. प्रत्येक जागा दोघांनी बघायची, एकमेकांचं उत्तर न बघता. यादीत दोन रकाने, पहिली नजर आणि दुसरी नजर. दिवा वाटला तर एक, नाही वाटला तर शून्य. दोघांचं जुळलं तर प्रश्न मिटला. नाही जुळलं तर गटप्रमुख, म्हणजे आमचे सर, निकाल देणार. पहिली नजर माझी असायची. दुसरी सुनंदाताईंची.

सुनंदाताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठ्या. निवृत्त झाल्यावरही सरांनी त्यांना करारावर ठेवून घेतलं होतं. रोज गाझियाबादहून, वसुंधरेतल्या फ्लॅटमधून यायच्या. वैशाली स्टेशनला मेट्रो पकडायची, वाटेत शब्दकोडं सोडवायचं आणि माझ्याआधी ऑफिसात हजर. मी तासाला चाळीस जागा बघायचे, त्या बारा.

"मेधा, तुझी नजर तुझ्या पोळ्यांसारखी आहे," त्या डबा खाताना म्हणायच्या. "सगळ्या गोल, सगळ्या एका मापाच्या. एखादी तरी करपू दे गं."

"ताई, तुमच्या स्पीडने पोळ्या केल्या तर घरचे उपाशी मरतील."

"मरू देत. पण करपलेली कोणती, ते मला विचार."

ज्या यादीबद्दल लिहिते आहे तिच्यात चारशे बारा जागा होत्या. माझा रकाना सप्टेंबरातच भरून झाला. ताईंनी ऑक्टोबरपर्यंत एकशे ऐंशी बघितल्या. त्यांत तेरा ठिकाणी आमचं जुळलं नाही, आणि तेराही ठिकाणी सरांनी ताईंचं धरलं. "सुनंदाजी की आँख है, भई," एवढंच म्हणाले. मी हसले, यादीत दुरुस्त्या केल्या आणि घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, "मग मी इतकी वर्षं तिथे काय भाजी निवडतेय?" हे मुद्दाम सांगते. पुढे जे केलं त्यात घाई होती, पण नुसती घाई नव्हती.

ऑक्टोबरात ताईंच्या पोटात दुखायला लागलं. तपासण्या झाल्या, स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला, तोही पसरलेला. नोव्हेंबरात नोएडातल्या एका हॉस्पिटलात ठेवलं. यादीतल्या दोनशे बत्तीस जागा तशाच राहिल्या. आणि यादी परदेशातल्या सहकाऱ्यांकडे शुक्रवारी जायची होती, तारीख आधी दोनदा पुढे ढकलून झाली होती.

त्या शुक्रवारच्या आधीच्या रविवारी सकाळी मी ताईंना भेटायला गेले. हवा इतकी खराब होती की हॉस्पिटलच्या खिडकीतून समोरची इमारत दिसत नव्हती. ताई खूप वाळल्या होत्या, पण चष्मा लावून बसल्या होत्या. शेजारी त्यांचे यजमान संत्रं सोलत होते. आम्ही ऑफिसातल्या मराठी बायका त्यांना भाऊजी म्हणतो.

तब्येतीचं काही विचारायच्या आत ताईच म्हणाल्या, "किती राहिल्यात?"

"कशाच्या?"

"सोंग नको घेऊस. दोनशे बत्तीस. पाठव यादी. पडल्या पडल्या बघीन. हे आहेत लॅपटॉप धरायला, नाहीतरी दिवसभर नुसती संत्री सोलतात."

"तुझ्या लॅपटॉपवर रस सांडीन मी," भाऊजी म्हणाले.

"सांडा. पण धरा."

त्या क्षणी माझ्या डोक्यात यादीच सुरू झाली. बाहेरून फाइल उघडायची तर फॉर्म भरायचा, त्यावर सरांची सही, मग आयटीवाल्यांची मंजुरी — दोन दिवस गेले. ताशी बारा जागा, तेही त्या ठणठणीत असताना. निम्म्या बघून थकल्या तर उरलेल्यांचं काय? आणि त्यांनी पुन्हा तेरा-चौदा ठिकाणी मला खोडून काढलं तर...

मी म्हटलं, "ताई, झालं ते. सगळं झालं."

"झालं?" त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "दुसरी नजर कुणाची?"

"सरांनी बघितलं."

"सरांनी?"

"हो. तुम्हाला त्रास नको म्हणून."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. चष्मा काढला, घडी घातली आणि भाऊजींच्या हातात दिला. मग भिंतीकडे कूस करून पडल्या.

परतताना मेट्रोत मला हलकं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं. एक काम यादीतून गेलं.

गुरुवारी जेवणानंतर मी ती फाइल उघडली. सर मीटिंगमध्ये होते, खोलीत मी एकटी. दुसऱ्या रकान्यातल्या दोनशे बत्तीस रिकाम्या चौकटींत मी माझ्याच रकान्यातली उत्तरं उतरवली. पण सगळंच जुळलं तर संशय येणार. म्हणून मी प्रमाण काढलं... एकशे ऐंशीत तेरा, तर दोनशे बत्तीसमध्ये किती? पावणेसतरा. सतरा धरले. कोणते सतरा? स्वतः निवडले तर माझ्या आवडीनिवडी त्यात दिसतील. म्हणून बाजूच्या रकान्यात कॉम्प्युटरकडून यादृच्छिक आकडे टाकून घेतले, त्यांच्या क्रमाने यादी लावली आणि वरच्या सतरा जागांची उत्तरं उलटी केली. एकाचं शून्य, शून्याचं एक. बघा, खोटं कामसुद्धा मी नीटनेटकंच केलं.

त्या सतरांत एक जागा अशी होती की माझा हात थांबला. नऊ ठिपके, घट्ट एकत्र, त्या यादीतला जवळजवळ सगळ्यांत ठळक दिवा. तो "नाही" झाला होता. ताई याला कधीच नाही म्हणणार नाहीत, मला वाटलं. बदलावा का? पण आपण ठरवलेली पद्धत आपणच मोडायची नाही, म्हणून तसाच ठेवला. फाइल सेव्ह केली आणि सरांना सांगितलं, "ताईंनी हॉस्पिटलातून करून पाठवलं." फॉर्म-सहीचं त्या घाईत त्यांनी विचारलं नाही. ताईंना सरांचं नाव सांगितलं होतं, सरांना ताईंचं सांगितलं.

सरांनी सतरा मतभेदांवर नजर फिरवली. नऊ ठिपक्यांपाशी थांबले, मान हलवली, आणि सतराच्या सतरा ताईंच्या बाजूने दिले. शुक्रवारी यादी गेली. सतरा मंद दिव्यांनी अख्ख्या आकाशाच्या उजेडात असा काय फरक पडतो, असं मी स्वतःला सांगितलं. आणि ते खरंही होतं.

त्यानंतर नऊ दिवसांनी ताई गेल्या.

पुढचं सगळं मी बघितलं. फोन कुणाला करायचे, गुरुजी, तेराव्याचा स्वयंपाक, माणसांची ने-आण... सगळ्याच्या याद्या केल्या. "मेधा होती म्हणून निभावलं," असं जो तो म्हणत होता. सर भाऊजींना म्हणाले, "आख़िर तक काम किया उन्होंने." भाऊजींनी हात जोडले. असं काहीतरी सगळेच म्हणतात, असं त्यांना वाटलं असणार. मी शेजारीच उभी होते.

यादी प्रसिद्ध झाली. दुसरी नजर: सुनंदाताईंचं नाव.

अडीच वर्षं गेली. यंदा आकाशाच्या त्याच तुकड्याची नवी निरीक्षणं हाती आली. या वेळी दुर्बीण आधीच्या कितीतरी पट जास्त वेळ तिकडे बघत होती. म्हणजे खरा दिवा असेल तिथे आता चारचे वीस-बावीस ठिपके व्हायला हवेत, आणि योगायोग असेल तिथे काहीच वाढायला नको. जुनी यादी कितपत बरोबर होती, हे थेट तपासता येणार होतं. ते काम शाल्मलीकडे होतं. पुण्याची मुलगी, पीएचडी करून आमच्याकडे आली आहे. ताईंना तिने कधी पाहिलेलं नाही.

एका सकाळी ती खुर्ची सरकवत माझ्या टेबलापाशी आली. "मेधाताई, एक गंमत दाखवू? रागावणार नाही ना?"

"दाखव."

"शेवटच्या दोनशे बत्तीसमध्ये तुमच्या एकवीस चुकल्यात. सॉरी हां... एवढ्या मंद जागांना हे नॉर्मल आहे, बिल्कुल नॉर्मल. पण गंमत ती नाही. सुनंदाताईंचं तुमच्याशी सतरा ठिकाणी जुळलं नव्हतं. यार, सतराच्या सतरा बरोबर! त्यांचे फक्त चार चुकलेत, आणि ते तुम्हा दोघींचे मिळून चुकलेत."

ती स्क्रीनवर बोट ठेवून सांगत होती. "आणि हा बघा, नऊ ठिपक्यांचा. याला तर मी पण डोळे मिटून 'आहे' म्हटलं असतं. तिथे काहीच नाहीये! कॅमेऱ्यातला एक पिक्सेल तेव्हा वेड्यासारखा करत होता. हे त्यांना कसं कळलं असेल? तेही हॉस्पिटलच्या बेडवरून?"

"अच्छा," मी म्हटलं.

आता माझी यादी.

आधी वाटलं, शाल्मलीची तपासणीच चुकली. तिने नकळत ताईंच्या रकान्यावर विसंबून उत्तरं ठरवली असतील. तिला रकाने झाकून पुन्हा करायला लावलं, कारण सांगितलं नाही. तेच उत्तर आलं. मग वाटलं, ते सतरा कॉम्प्युटरने नव्हे, मीच निवडले असतील, आतून कुठेतरी शंका होती म्हणून. पण सर्व्हरवर जुन्या फाइलची प्रत होती, आणि तिच्यात मी पुसायला विसरलेला यादृच्छिक आकड्यांचा रकाना जसाच्या तसा होता. त्या क्रमाने वरचे सतरा. तेच सतरा. यादी आधीच कुठल्यातरी क्रमाने लावलेली असेल, ही शंकाही पाहिली. नव्हती. राहिला योगायोग. एकवीस चुका कुठे आहेत हे माहीत नसताना उचललेले सतरा सगळे त्या एकवीसांतलेच निघण्याची शक्यता किती, ते मी शाल्मलीकडून "उदाहरणादाखल" काढून घेतलं. दशांशचिन्हापुढची शून्यं मोजायचा मी कंटाळा केला. मी कंटाळा करणारी बाई नाही.

उरलेल्या चार चुका माझ्या आहेत. एवढ्या एका गोष्टीबद्दल मला खात्री आहे.

याच दिवसांत मी आणखी एक गणित केलं, जे अडीच वर्षांपूर्वी करायला हवं होतं. फॉर्म, सही, मंजुरी कशाचीच गरज नव्हती. चित्रांच्या प्रिंट काढता आल्या असत्या. पानावर सहा याप्रमाणे दोनशे बत्तीस चित्रांची एकोणचाळीस पानं. दहा मिनिटांचं काम. तेव्हा मला ते सुचलं नाही, असं मी म्हणू शकते. पण सुचायला हवं असं मला वाटतच नव्हतं, हे जास्त खरं आहे.

सर फार खूश झाले. नव्या लेखात ताईंबद्दल एक परिच्छेद लिहायचा, त्यांच्या नजरेचा वेगळा उल्लेख करायचा, असं त्यांनी ठरवलं आणि ही बातमी स्वतःच फोन करून भाऊजींना दिली. संध्याकाळी भाऊजींचा मला फोन आला.

"मेधा, तुमच्या सरांचा फोन होता. सुनंदाने शेवटच्या दिवसांत मोठं काम केलं म्हणतात. लॅपटॉपवर."

"हो..."

"लॅपटॉप तर घरी कपाटात होता." मग म्हणाले, "तू ये. रविवारी ये."

रविवारी सकाळी वैशालीला उतरून रिक्षा केली. त्यांनी चहा केला. माझ्या चहात साखर किती, हे ते विसरले होते, म्हणून डबाच समोर ठेवला. मी चहा न घेता सगळं सांगितलं. ताईंशी खोटं बोलले ते, गुरुवारी काय केलं ते, सरांना काय सांगितलं ते, सतरा जागा, आणि एकोणचाळीस पानंही. काही गाळलं नाही. मध्ये त्यांनी एकदाही अडवलं नाही.

माझं झाल्यावर ते म्हणाले, "त्या रविवारनंतर तिने चष्मा मागितला नाही. पेपर नेला, शब्दकोडं नेलं. नको म्हणाली. म्हणाली, सरांनी बघून टाकलं म्हणजे माझ्या नजरेवाचून त्यांचं अडत नाही आता."

मी मान खाली घातली.

"मग गुरुवारी काय बघत होती ती?"

"कोण?"

"सुनंदा. तू येऊन गेलीस त्याच्या पुढच्या गुरुवारी, दुपारी. डोळे मिटलेले आणि तोंडाने चाललेलं... आहे. आहे. आहे. नाही. आहे. मला वाटलं मला विचारतेय. मी म्हटलं, आहे गं, इथेच आहे मी. तर हाताने गप्प केलं मला! पुन्हा सुरू. नर्स म्हणाली, दवाई का असर है अंकल, बोलने दो. चहाची गाडी आली तोवर चाललं होतं. मग म्हणाली, झालं. आणि झोपली."

इथे सांगायला हवं, ताई ऑफिसात अशाच बघायच्या. प्रत्येक चित्राला पुटपुटत, आहे, नाही. मला ऐकू जायचं आणि माझं उत्तर बिघडेल म्हणून मी कानात इअरफोन घालून बसायचे. भाऊजी आमच्या ऑफिसात कधी आले नव्हते. ताई घरी काम नेत नसत. भाऊजींना यातलं काही माहीत नव्हतं.

"गुरुवारच होता कशावरून?" मी विचारलं. सवय जात नाही.

"गुरुवारी माझा उपास. मध्येच डोळे न उघडता मला म्हणाली, कॅन्टीनची साबुदाण्याची खिचडी खाऊ नका, तेलात पोहत असते. त्यानंतर ती मला कधी रागावली नाही. वार कसा विसरेन?"

फाइलवरची वेळ मी आधीच पाहिली होती. गुरुवार. उघडली दोन चाळीसला, सेव्ह केली साडेचारला. भाऊजी म्हणाले, चहाची गाडी साडेचारला येते. त्यांनी "आहे-नाही" मोजले नव्हते, कोण मोजेल? तेव्हा ते दोनशे बत्तीसच होते असा माझा दावा नाही. आणि त्या जागा ताईंनी पाहिलेल्याच नव्हत्या, डोळे उघडे असतानाही नाही. त्यांची चित्रं ऑफिसबाहेर गेलीच नव्हती, हे पुन्हा सांगते.

"भाऊजी, मला माफ करा," असं म्हणायचं मी मेट्रोत ठरवून आले होते. म्हटलंही.

ते कप उचलायला लागले. "एकोणचाळीस पानं ना?"

"हो."

"आणली असतीस तर मी धरली असती गं. एकेक करून धरली असती."

ते स्वयंपाकघरात गेले. नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला. मी थोडा वेळ थांबले, मग "येते" म्हणून निघाले.

दुसऱ्या दिवशी सरांच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. भाऊजींच्या गुरुवारची गोष्ट तेवढी सांगितली नाही, ती माझी बाजू सावरायला वापरल्यासारखी झाली असती. सर प्रचंड चिडले. मग तपासणीच्या कामातून मला काढलं, हे योग्यच झालं. सगळं लेखी द्या म्हणाले, ते नव्या लेखासोबत दुरुस्ती म्हणून जाईल. मग ती यादी स्क्रीनवर उघडून बसले.

"अब बताइए, इस कॉलम का मैं क्या करूँ? हटा दूँ? पूरी लिस्ट में सबसे सही कॉलम यही है."

"हटा दीजिए, सर."

"और नाम? दूसरी नज़र किसकी लिखूँ? आपकी तो थी नहीं. आप तो इन सत्रह में सत्रह बार ग़लत थीं." ते हसले नाहीत. "आप ही लिखकर लाइए, किसकी थी."

ताईंचं नाव काढलं तर भाऊजींना वाईट वाटेल, म्हणून मी त्यांना फोन केला. "नाव राहिलं काय, गेलं काय," ते म्हणाले. "जे झालं ते लिही. तेवढं तरी खरं लिही." आणि फोन ठेवला.

म्हणून हे इथे लिहिते आहे. कुणाला काही सुचलं तर जरूर कळवा. योगायोग म्हणू नका, त्याचं गणित करून झालं आहे. आणि ताईंनी मला माफ केलं म्हणून मदत केली, असं कृपा करून कुणी लिहू नका. माफ करणारी व्यक्ती आधी तुमच्याशी बोलते. भाऊजींना त्या दुपारी त्यांनी खिचडीबद्दल सांगितलं. माझं नाव काढलं नाही.

सरांना द्यायचं पत्र तयार आहे. दीड पान. तारीख, वेळ, प्रमाण कसं काढलं, यादी कशी लावली, कुणाला काय खोटं सांगितलं, सगळं क्रमाने. एकच ओळ राहिली आहे, "दुसरी नजर" या शब्दांपुढची. माझं नाव लिहिलं तर ते खोटं, कारण ते सतरा मला दिसले नव्हते. कॉम्प्युटरचं लिहिलं तर तो बघत नाही. ताईंचं लिहावं असं हात म्हणतो, पण तेही खोटंच होईल. त्यांनी मागितलं होतं, आणि मी त्यांना बघू दिलं नाही.